औषध दोनदा पाजलं, तरी कोंबड्यांचे जंत का जात नाहीत?

औसा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. घरी ३५ गावरान कोंबड्या आहेत. दिवसभर मोकळ्या फिरतात, रात्री खुराड्यात कोंडतात. गेल्या दीड महिन्यात पायपेराझिन हे जंताचं औषध दोनदा पाण्यातून दिलं. तरी शिटेत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दिसतात. तीन तलंगा (तरुण कोंबड्या) वाळत चालल्या आहेत आणि अंडी निम्म्यावर आली आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, ही अंडी खाल्ली तर लेकरांना जंत होतील. आता यापेक्षा कडक औषध कोणतं द्यावं?

ताई, तुम्हाला कडक नाही, वेगळं औषध लागणार आहे, आणि नुसत्या औषधानंही भागणार नाही. मी लातूर-धाराशिव पट्ट्यात २३ वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतो आहे. परसातल्या कोंबड्यांच्या जंताबद्दल जे प्रश्न येतात, त्यातले निम्मेअधिक अगदी तुमच्यासारखे असतात: औषध दिलं, पुन्हा दिलं, फरक नाही. अशा वेळी औषध नकली होतं असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा औषध खरं असतं, पण ते ज्या जंतावर चालतं तो जंत वेगळा आणि कोंबडीच्या पोटातला जंत वेगळा.

पायपेराझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं. त्या औषधानं गोल जंत लुळा पडतो आणि आतड्याच्या हालचालीनं शिटेबरोबर बाहेर ढकलला जातो. तुम्ही वर्णन केलेले कण्यांसारखे तुकडे मात्र चपट्या जंताचे, म्हणजे पट्टकृमीचे, असण्याची शक्यता जास्त. हा जंत डोक्यावरच्या आकड्यांनी आणि चोषकांनी आतड्याच्या भिंतीला घट्ट धरून बसतो. शेपटाकडचे पिकलेले तुकडे तोडून बाहेर सोडतो आणि मानेपासून नवे तुकडे वाढवत राहतो. पायपेराझिनचं त्याला काहीच होत नाही. तुमच्या दोन डोसांनी गोल जंत कदाचित पडलेही असतील. राहिला तो दुसरा.

तरी आधी खात्री करून घ्या, कारण शिट पाहताना फसायला होतं. उद्या पहाटे खुराडं उघडण्याआधी, म्हणजे आज रात्रीच, कोंबड्या बसतात त्या दांडीखाली धुतलेल्या ताडपत्रीचा तुकडा अंथरा. सकाळी ताजी शिट बघा. शिटेवरची पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, तो जंत नव्हे. मधूनच चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शिट पडते, तीही नेहमीचीच. एक-दोन दिवसांच्या जुन्या शिटेत वळवळणारं काही दिसलं तर ती बहुतेक माशीची अळी असते. त्या अळ्या पाहून औषध आणायला पळालेले कितीतरी लोक मला भेटले आहेत. चपट्या जंताचा तुकडा ताज्या शिटेवर असतो, चपटा असतो, आणि बारकाईनं पाहिलं तर हळूच आखडतो, पसरतो. गोल जंत पडला तर ओळखायला अवघड नाही: ५ ते १२ सेंटिमीटर लांब, पिवळसर पांढरा, शिजलेल्या शेवईसारखा. याशिवाय आंधळ्या आतड्यात (एका टोकाला बंद असलेल्या आतड्यात) राहणारा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा बारीक जंत असतो आणि केसासारखा एक जंत असतो. हे दोन्ही सहसा नुसत्या डोळ्यांनी शिटेत सापडत नाहीत.

एकाच कोंबडीत हे सगळे एकत्र असू शकतात. निलंग्याकडे एका आजींच्या अंगणात मेलेली तलंग उघडून पाहिली होती, ती मला अजून आठवते. वजन जेमतेम ६०० ग्रॅम, छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं. घमेल्यात पाणी घेतलं आणि आतडं कात्रीनं उभं चिरलं. वरच्या भागात शेवयांचा गुंता निघाला, मोजले तर ४० च्या वर जंत. आजी म्हणाल्या, "म्हणजे मी टाकलेली ज्वारी हेच खात होते की!" मी पुढचा भाग पाण्यात बुडवला, तेव्हा आतड्याच्या भिंतीतून ओल्या दोऱ्यासारख्या पांढऱ्या फिती हळूहळू तरंगून वर आल्या. एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं पाण्यात मोकळं. पाणी नसतं तर त्या आतड्याच्या चिकट थरातच लपून राहिल्या असत्या. त्या दिवसापासून एकाच जातीचा जंत धरून औषध द्यायचं मी सोडलं.

म्हणून शिट तपासून घ्या. पाच-सहा कोंबड्यांची ताजी शिट मिळून दोन चमचे, झाकणाच्या स्वच्छ डबीत, दुपारच्या आत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे सूक्ष्मदर्शक असेल तर काम लवकर होतं. मिठाच्या संपृक्त पाण्यात शिट कालवली की जंताची अंडी वर तरंगतात आणि काचेवर घेऊन पाहता येतात. तिथे सोय नसेल तर तुमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, परभणीच्या बाजूच्या लोकांना तिथलं महाविद्यालय आहे. एक मात्र लक्षात ठेवा: तपासणीत काही दिसलं नाही म्हणजे जंत नाहीत असं होत नाही. पोटात वाढत असलेला कच्चा जंत अंडी घालत नाही, आणि चपट्या जंताची अंडी तुकड्याच्या आत बंद असतात, त्यामुळे ती हुकतात. तुकडा सापडला तर तो वेगळा, थोड्या पाण्यात ठेवून न्या. तो तुकडा डॉक्टरांना बरंच काही सांगेल.

आता औषध. गोल जंत, आंधळ्या आतड्यातला जंत आणि केसासारखा जंत या तिघांवर अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल चालतं. चपट्या जंतावर खात्रीचं म्हणजे प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड. अल्बेंडाझोलचा पुरा डोस दिला तर चपट्या जंतावरही काही परिणाम होतो, पण तुकडे डोळ्यांनी दिसत असतील तर मी त्यावर विसंबत नाही. प्राझिक्वांटेल बहुतेक दुकानांत कुत्र्याच्या गोळीच्या रूपात मिळतं. ती गोळी अंदाजानं मोडून कोंबड्यांना घालू नका. कोंबड्यांचं वजन घेऊन जा आणि डॉक्टरांकडून हिशेब लिहूनच आणा.

हिशेब लिहून आणा असं का म्हणतो ते उदाहरणानं सांगतो. अल्बेंडाझोलचं पातळ औषध २.५ टक्क्यांचं असेल तर एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध असतं. मी किलोला २० मिलिग्रॅम धरतो. दीड किलोच्या कोंबडीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिली. तेच औषध १० टक्क्यांचं असेल तर एका मिलीत १०० मिलिग्रॅम, आणि डोस फक्त ०.३ मिली. बाटल्या दिसायला सारख्याच. टक्केवारी न वाचता "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" म्हणून पाजलं तर चौपट डोस जातो, किंवा पाव. जास्त झालं तर धोका, कमी पडलं तर तगलेले जंत पुढच्या वेळी त्या औषधाला दाद देत नाहीत. शेळ्यांमध्ये हे आपण भोगतोच आहोत. आणखी एक चाल आहे: फेब्रुवारीत शाळा-अंगणवाडीत मिळणारी ४०० मिलिग्रॅमची जंताची गोळी घरी आणून, कुटून कोंबड्यांच्या पिठात कालवायची. ती गोळी त्या लेकरासाठी आहे, त्यालाच खाऊ घाला. पिठात ती सारखी मिसळतही नाही.

पाण्यातून औषध देण्याबद्दलही माझा अनुभव चांगला नाही. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः तसंच सांगत होतो. मग एका वस्तीवर सकाळभर बसून पाहिलं. कोंबडे आणि धट्ट्याकट्ट्या कोंबड्या आधी पिऊन जातात. ज्या तलंगीला औषधाची खरी गरज आहे, ती कोपऱ्यात पंख पाडून बसलेली असते आणि भांड्याकडे येतच नाही. पावसाळ्यात तर कोंबड्या अंगणातल्या डबक्यातलं पाणी पितात, औषधाच्या भांड्याला तोंडही लावत नाहीत. तुमच्या दोन डोसांचं असंही झालं असेल. ३५ कोंबड्या म्हणजे दोन माणसांचं तासाभराचं काम. संध्याकाळी खुराड्यात बसल्यावर एकेक हाताला लागते. एकानं बगलेत धरायची, दुसऱ्यानं बिनसुईची सिरिंज चोचीच्या कडेनं आत घालायची. जिभेच्या मागे मधोमध एक फट उघडते-मिटते, ती श्वासनळी. औषध तिच्यात जाता कामा नये. म्हणून सिरिंज कडेलाच ठेवा, थेंब थेंब सोडा, कोंबडीला गिळू द्या. मान एकदम वर ताणू नका. पाजून झालेल्या कोंबडीच्या पायाला रंगीत दोरा बांधला की गोंधळ होत नाही.

औषध संध्याकाळी पाजलं की पुढचे तीन दिवस कोंबड्या आतच ठेवा. दाणापाणी आत द्या. रोजची शिट राख टाकून गोळा करा आणि खड्ड्यात पुरा. हे तीन दिवस लोकांना जड जातात, पण इथेच खरी मेख आहे. जंत आणि त्यांची अंडी त्या शिटेतून बाहेर पडत असतात. कोंबड्या मोकळ्या असतील तर तेच सगळं पुन्हा अंगणात पसरतं.

इथवर आपण कोंबडीच्या पोटातल्या जंताबद्दल बोललो. पण जंताचं अर्धं आयुष्य तुमच्या उकिरड्यावर जातं, आणि औषध तिथे पोहोचत नाही.

मोठ्या गोल जंताची मादी रोज हजारो अंडी घालते. शिटेतून पडलेलं अंडं लगेच बाधत नाही. ओल आणि ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत त्याच्यात अळी तयार होते, आणि मग ते कोंबडीनं टिपलं की पाच ते आठ आठवड्यांत नवा जंत अंडी घालायला लागतो. मधले काही दिवस ती अळी आतड्याच्या आवरणात दडलेली असते, तिथे पायपेराझिन तिला गाठू शकत नाही. म्हणून एक डोस कधीच पुरत नाही. तीन आठवड्यांनी दुसरा लागतो, त्या वेळी दडलेल्या अळ्या बाहेर आलेल्या असतात. चपट्या जंताचा मार्ग निराळा. त्याचा तुकडा मुंग्या, शेणातले भुंगे, माश्या खातात, आणि कोंबडी त्यांना खाते. दोन-तीन आठवड्यांत पोटात नवा चपटा जंत तयार. म्हणजे एका कोंबडीच्या शिटेतून दुसरीला तो थेट लागत नाही, मधे किडा लागतोच. गोल जंत आणि आंधळ्या आतड्यातला जंत गांडुळाच्या पोटातूनही येतो. पहिल्या पावसात गांडुळं वर आली की लेकरं हौसेनं कोंबड्यांना भरवतात. ते टाळा, आणि गांडूळखताच्या बेडवर कोंबड्या जाऊ देऊ नका.

आता तुमचं अंगण डोळ्यांपुढे आणा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, काळी जमीन भेगाळते. कडक ऊन आणि कोरडेपणा यात जंताची अंडी तगत नाहीत. चुना, फिनेल यांना ही अंडी फारशी जुमानत नाहीत, जाड कवचाची असतात, पण आपलं ऊन त्यांना मारतं. मग जंत उन्हाळा पार करून जातात कसे? सावलीतल्या ओलीत. न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं ती जागा, हौदाखालची चिखलट पट्टी, गोठ्याच्या कडेचा उकिरडा, आणि खुराड्याच्या आतली, वर्षानुवर्षं न खरडलेली दबलेली शिट. माझ्या पाहण्यात जिथे जंत पुन्हा पुन्हा होतात, तिथे यातली एखादी जागा असतेच. आणि कोंबड्यांना दुपारी पायांनी उकरायला नेमकी तीच जागा आवडते, कारण ती गार असते.

उकिरडा बंद करा असं मी सांगणार नाही. शेतकऱ्याच्या घरी ते होणार नाही, आणि कोंबडीचं फुकटचं निम्मं पोट तिथेच भरतं. पण कोंबडीची शिट उकिरड्यावर टाकू नका. तिला वेगळा खड्डा ठेवा, काडीकचऱ्याबरोबर थर लावा, ओलावा ठेवा, माती टाका. खत नीट तापलं, आत हात घालवेना इतकं, की जंताची अंडी मरतात. मग ते शेतात जाऊ द्या. न्हाणीच्या पाण्याला पाइप लावून ते शेवग्याच्या नाहीतर केळीच्या बुडाला सोडा आणि त्या तेवढ्या जागेला काटेरी फांद्यांचं कुंपण करा. खुराड्याची जमीन मे महिन्यात बोटभर खरवडून काढा, छप्पर उचलता येत असेल तर आठवडाभर उघडं ठेवून ऊन आत जाऊ द्या, मग भुईमुगाच्या टरफलांचा नाहीतर लाकडाच्या भुशाचा कोरडा थर टाका. पावसाळ्यात तो ओला झाला की बदला. मुंग्यांचं वारूळ खुराड्याला लागून असेल तर खुराडंच हलवा. पावडर टाकू नका, ती कोंबड्या टिपतात.

पिलांचं वेगळं सांगतो. तीन महिन्यांच्या आतली पिलं या जंतांनी सगळ्यात जास्त खचतात. मोठ्या कोंबडीत तेच जंत असतात, पण ती धकवून नेते आणि अंगणभर जंताची अंडी पेरत राहते. खुडूक कोंबडीबरोबरची पिलं जुन्या खुराड्यात न घालता निदान दोन महिने वेगळ्या, कोरड्या जागी डाल्याखाली ठेवली तर नुकसान खूप कमी होतं. खाण्यातही नुसती ज्वारी पुरत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जंत जास्त धरतात, म्हणून शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथीची भाजी बारीक चिरून रोज मूठभर द्या. पेंडीचा थोडा चुरा मिळाला तर उत्तमच. घरी टर्की पाळत असाल तर त्यांना कोंबड्यांपासून दूरच ठेवा. आंधळ्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यातून एक रोग टर्कीला होतो, त्यात टर्की पटापट मरतात.

अंड्यांबद्दल काकूंना सांगा की कोंबडीचे हे जंत माणसाला होत नाहीत. लेकरांच्या पोटातले जंत वेगळ्या जातीचे. क्वचित, फारच क्वचित, गोल जंत मागच्या वाटेनं अंडनलिकेत शिरतो आणि अंड्यात सापडतो. किळस येते, ते अंडं टाकून द्यावं, पण त्यानं आजार होत नाही. जपायचं ते अंड्यात उतरणाऱ्या औषधापासून. लेबलवर अंडी किती दिवस खायची नाहीत ते लिहिलेलं असेल तर ते पाळा. लिहिलेलं नसेल तर मी १४ दिवस धरायला सांगतो, आणि त्या दिवसांतली अंडी बाजारात विकूही नका. घेणाऱ्याच्या घरीही लेकरं असतातच. कोंबडी कापायची असेल तरी डॉक्टरांना विचारूनच.

घरगुती उपायांचं विचारलं नाहीत, पण कोणी ना कोणी सांगेलच. लसूण, पपईच्या बिया, कडुलिंबाचा पाला दिल्यानं बिघडत नाही, पण भरलेलं आतडं त्यानं रिकामं झालेलं मी पाहिलेलं नाही. तंबाखूचं पाणी आणि मोरचूद मात्र अजिबात नको. तंबाखूच्या पाण्यानं एका रात्रीत अर्धं खुराडं आडवं झालेलं मी पाहिलं आहे.

तुमच्या बाबतीत माझा क्रम असा राहील. या आठवड्यात तपासणी. तुकडे चपट्या जंताचेच निघाले तर डॉक्टरांनी लिहिलेला प्राझिक्वांटेलचा डोस, आणि गोल जंतही असतील तर अल्बेंडाझोल. दोन्ही एकाच दिवशी की वेगवेगळ्या दिवशी, ते कोंबड्यांची ताकद पाहून ठरवावं लागतं. अशक्त कोंबडीत एकदम खूप जंत सुटले तर गुंता होऊन आतडं तुंबण्याची भीती असते. तीन आठवड्यांनी दुसरा डोस. कोंबड्या पीस टाकत असतील तर फेनबेंडाझोल नको, नवी पिसं वेडीवाकडी येतात. पुढे वर्षाला तीन वेळा पुरे: मृगाच्या आधी, पोळ्याच्या सुमारास आणि दिवाळीनंतर. मृगाच्या आधीचा डोस मी कधीच चुकू देत नाही, कारण पाऊस पडून जमीन ओली होण्याआधी कोंबडीचं पोट रिकामं हवं. मानमोडीची (राणीखेतची) लस टोचायची असेल तर जंताचं औषध तिच्या आठवडाभर आधी द्या. दर महिन्याला औषध पाजण्याची गरज नाही.

राहिल्या त्या तीन तलंगा. त्यांचा तुरा फिका असेल तर आज रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. भिंतीच्या भेगा, दांडीची सांध, कोंबडीच्या पंखाखालची कातडी बघा. गोचीड दिवसा भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. मातीच्या भिंतीच्या खुराड्यात हे सर्रास सापडतं, आणि लोक महिनोन्महिने जंताचं औषध पाजत राहतात. शिटेत रक्त असेल तर तो रक्ती हगवणीचा आजार, त्याचं औषध वेगळं. यातलं काही नसेल तर तिघींना वेगळ्या ठेवा, आजच वजन करा आणि खुराड्याच्या दारावर खडूनं लिहा. औषधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा वजन करा. १०० ग्रॅमही वाढलं नसेल तर जंताचा नाद सोडून त्यांना दवाखान्यात घेऊन जा. मधेच एखादी दगावली तर उकिरड्यावर फेकू नका. पिशवीत गुंडाळून, बर्फ लावून त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तिथे उघडून पाहतील. मात्र एकाच वेळी चार-पाच कोंबड्या अचानक मेल्या तर हात लावू नका, उघडूही नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकाला फोन करा.